चार बोटांचा बार

इस्माईलभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रियाधमध्ये, अल मलाझच्या घरी, अर्धी दाढी करून आरशासमोर उभा होतो. पलीकडून त्यांच्या खोलीत राहणारा सलीम बोलत होता. "इस्माईलचाचा फजरच्या नमाजाला उठलेच नाय," एवढंच तो दोनदा म्हणाला. मी नुसता मोजत उभा राहिलो. अठरा, एकोणीस, वीस... ही सवय त्यांनीच लावलेली. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर त्यांना इथल्याच मातीत ठेवलं. मी कब्रस्तानात जरा मागे उभा होतो आणि तिथेही मोजतच होतो. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

आमची ओळख एका कपाटामुळे झाली. बायकोने बत्ह्याच्या बाजारातून सुतार बोलावला होता. आलेल्या माणसाने दार हलवून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "बिजागरी गेलीय." रियाधमध्ये बिजागरी हा शब्द कानावर पडणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. मी नाशिकचा देवरे, ते दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावचे इस्माईल परकार. कपाट दुरुस्त व्हायला तीन दिवस लागले, कारण पहिले दोन दिवस आम्ही फक्त बोललो. तेव्हापासून मी त्यांचा देवरेभाव झालो.

इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, ते सुतार होते, पण खरा हात होता ठासणीच्या बंदुकांवर. काडतूस नाही, काही नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग गोळी, परत चिंधी, आणि लोखंडी गजाने ठासायचं; मागे घोड्याखाली ठिणगी द्यायला तांब्याची टोपी बसवायची. कोकणात भात-नाचणी राखायला अशी परवान्याची बंदूक त्यांच्या घरी होती, वडिलांकडून त्यांनी ते सगळं शिकून घेतलं होतं. इथे जुन्या घराण्यांच्या बैठकींत चांदीच्या पट्ट्या मारलेल्या अशा बंदुका भिंतीवर टांगलेल्या असतात. त्यांना कीड लागते, गंज चढतो. मग कुणीतरी इस्माईलभाईंना गाडी पाठवायचं आणि सुट्टी असली की मीही सोबत जाऊन बसायचो. इंजिनियर माणूस, मला यंत्र उघडलेलं पाहायला आवडतं.

पण उघडण्याआधी ते एक गोष्ट करायचे. बंदूक उभी धरून नळीत गज सोडायचे. नळी रिकामी असली तर तळाशी गज टण्णकन वाजतो. भरलेली असली तर धप्प असा मऊ आवाज येतो, कुणी उशीवर बुक्की मारल्यासारखा. मग नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा धरायचा, गज बाहेर काढून नळीला लावायचा आणि तळापासून किती कमी पडला ते बोटांनी मोजायचं. जेवढी बोटं तेवढा बार आत. कधीकधी निघायचाच. आजोबा-पणजोबांनी कुणासाठी तरी भरलेला, आणि पुढे कुणी न उडवलेला. इस्माईलभाई आत पाणी ओतून दारू भिजवायचे, गजाला पेच लावून सगळं उपसून काढायचे. एकदा चिंधी निघाली ती लाल होती. एवढी वर्षं अंधारात राहूनही तिचा रंग उतरला नव्हता, आणि कुणाच्या तरी ओढणीची गोट तिला तशीच होती. ते ती चिंधी उन्हात ठेवून तिच्यापुढे उकिडवे बसले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "आवाज यायचा र्‍हायलाय, भाव. आला नाय म्हनजे गेला असा नाय."

हे ते असं का बोलतात ते मला फार उशिरा कळलं. ते सोळा वर्षांचे असताना थोरल्या भावाबरोबर, कासिमबरोबर, संध्याकाळी डुकराच्या वाटेवर बसले होते. ठासणीच्या बंदुकीची शिकार म्हणजे एकच बार. चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर पुढच्या गावात पोचलेलं असतं, म्हणून अगदी जवळ येऊ द्यायचं. कासिमने चाप ओढला, टोपी फुटली, पण बार उडाला नाही. अशा वेळी बार उशिरानेही उडतो, म्हणून नळी समोर धरून साठपर्यंत मोजायचं, हा घरचा नियम होता. कासिम मोजत होता. विसावर धाकटा इस्माईल म्हणाला, विझला असेल, खाली घे. भावाने ऐकलं... आणि नळी जवळ ओढली. एवढं सांगून इस्माईलभाई चहाचे कप विसळायला उठले आणि बराच वेळ नळाखाली तेच दोन कप धूत राहिले.

आता अबू नासर यांच्याविषयी सांगतो. शहराबाहेर त्यांचा खजुरांचा मळा आहे, वय ऐंशीच्या पुढे. हे सगळं मी मराठीत लिहितो आहे आणि ते मराठी वाचत नाहीत, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. त्यांच्या बैठकीत आजोबांची बंदूक तिरकी टांगलेली आहे, तोंड खाली बसणाऱ्याकडे. इस्माईलभाईंनी गज सोडला तेव्हा धप्प वाजलं. चार बोटं बार! वर घोड्याखाली तांब्याची टोपीसुद्धा हिरवी होऊन चिकटलेली. खिळा निसटून बंदूक पडली, घोडा त्या टोपीवर आपटला, तर काय होईल ते कुणी सांगावं. इस्माईलभाई बार काढायला निघाले तर म्हाताऱ्याने हात धरला. त्यांच्या आजोबांनी तो बार विहिरीच्या वैरातल्या एका माणसासाठी भरला होता. तोच माणूस भर उन्हात दारी येऊन पाणी मागू लागला. आजोबांनी त्याला आत घेतलं, गहवा, म्हणजे इथली कॉफी, पाजला, आणि बंदूक तशीच भरलेली त्याच्या डोक्यावर टांगली. तेव्हापासून ती पाहुण्याची मानाची जागा. बार काढला तर पाहुण्याला दिलेला अभयाचा शब्दही निघाला, असं अबू नासर यांचं म्हणणं.

पाहुणा नसेल तेव्हा मात्र त्या गादीवर दुपारची त्यांची पणती झोपते. चार वर्षांची असेल. ते पाहिल्यापासून इस्माईलभाईंचं जेवणातलं लक्ष उडालं होतं.

आमची शेवटची भेट बत्ह्यात, त्यांच्या खोलीत झाली. बंदूक साफसफाईसाठी आठ दिवस त्यांच्याकडे होती, ती परत पोचवून ते आले होते. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "काडला तो बार. आत निस्ता भुसा नि चिंध्या ठासल्यात, चार बोटंच. गज टाकलान तरी कुनाला कलायचा नाय. खलास." त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले. मलाही हायसं वाटलं.

ते गेल्यावर तिसऱ्या शुक्रवारी मी ती बातमी द्यायला मळ्यावर गेलो. अबू नासर यांचे डोळे भरून आले. माझं अरबी तोडकंमोडकं, म्हणून ते सावकाश बोलत होते. इस्माईलसारखा सच्चा माणूस पाहिला नाही, म्हणाले. बंदूक परत आणली त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, बारला हात लावलास? "त्याने कुराणावर हात ठेवला," म्हातारा म्हणाला, "आणि अल्लाची शपथ घेऊन सांगितलं, बार तुझ्या आजोबांनी ठेवला तसाच आहे."

इस्माईलभाई देवाला फार मानणारे. गमतीतसुद्धा शपथ न घेणारे. म्हणजे त्यांनी खोटं सांगितलं ते मला, माझा जीव शांत व्हावा म्हणून? की भावावरून धडा घेतलेल्या माणसाने त्या पोरीसाठी देवाच्या तोंडावर खोटं बोलायचं ठरवलं? गज सोडून काही कळणार नव्हतं, दोन्हीकडे चार बोटंच. आणि बार उपसू द्या म्हणावं, तर त्या म्हाताऱ्यापुढे माझ्या मेलेल्या मित्राला मी खोटा ठरवणार.

मी निदान खिळा बदलतो म्हणालो. अबू नासर हसले. तेही इस्माईलनेच करून दिलंय, म्हणाले. मी जवळ जाऊन पाहिलं. भिंतीत बोटभर जाड नवा हूक होता. त्यावरून तार दुहेरी फिरवून घोड्याभोवती पिळली होती, पक्कडीने, चांगली घट्ट. रिकाम्या बंदुकीला इतकं कोण बांधतं...

खाली गादीवर पोरगी झोपली होती, तोंड उघडं टाकून. मी तिला उचलून बाजूच्या गादीवर ठेवलं आणि तिच्या जागी बसलो. म्हातारा खूश झाला, पाहुण्याने न सांगता मानाची जागा घेतली म्हणून. आता मी दर शुक्रवारी जातो. दुपारभर तिथेच बसतो, तिची झोप होईपर्यंत. ओरखडे पडलेली ती नळी माझ्या टाळूपासून दीड हातावर असते आणि मी मोजत असतो. बायको म्हणते, तुम्हाला एवढा लळा कसा लागला त्या मळ्याचा.

बाकीचे सहा दिवस ती पोरगी तिथे एकटी झोपते. त्या सहा दिवसांत मी देवाजवळ एवढंच मागतो, की माझ्या मित्राने तुझी खोटी शपथ घेतलेली असू दे.