हलाबलू आणि खाडीचा जिताडा

आमचे मोठे दीर मुंबईला एका कचेरीत कारकून. खोली घेऊन तिथंच राहायचे आणि शनिवारच्या यष्टीनं पनवेलला यायचे. येताना लोक केळी आणतात, हे इंग्रजी शब्द आणायचे. तेही सगळे एकाच जातीचे. पोरं अंगणात खेळली की ‘रम्पस’. हळदीकुंकवाला चार बायका हसल्या की ‘हू-हा’. सासूबाईंनी गायीला हाक मारली तरी ‘हलाबलू’! गोरा साहेब देश सोडून गेला, पण जाताना हे सामान बहुतेक आमच्या दिरांकडे ठेवून गेला असावा.

मी शाळेत फारशी गेले नाही, पण एक शंका मला तेव्हापासून आहे. साहेब म्हणे कधी आवाज चढवत नाही. मग त्याच्या भाषेत आरडाओरड्याला इतके शब्द कशाला हो लागतात?

तर एका शनिवारी बातमी आली, उद्या कचेरीतले हेडक्लार्क जेवायला येणार. दिरांची बढती त्यांच्याच शिफारशीवर अडलेली. आणि त्यांना खायचा होता आमच्या खाडीचा जिताडा. दिरांनी फर्मान काढलं, “उद्या दारात घासाघीस नाही. मासळी मी घेणार. नो हलाबलू!”

सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “उद्या पिठल्याचं पीठ कालवून ठेव गं.”

सकाळी नेहमीची कोळीण आली. पाटीत एकच जिताडा, चांगला हातभर. दिरांनी भाव विचारला, तिनं सांगितला, हे म्हणाले, “ठीक आहे. द्या.”

आता तुम्हाला सांगते, आमच्याकडे कोळणीनं सांगितलेला भाव हा भाव नसतोच, ती नुसती सुरुवात. मग आपण कल्ला उघडून ‘शिळा आहे’ म्हणायचं, तिनं आपल्या सात पिढ्या काढायच्या, पाटी उचलून निघायचं, आपण हाक मारायची. एवढं झालं की दोघींना बरं वाटतं. न भांडता घेतलं, तर मासळीकडे धड बघितलंसुद्धा नाही असा त्याचा अर्थ.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “काय गो वयनी, तुमचे घरान कोन आजारी हाय काय?”

“कोणी आजारी नाही. पैसे घ्या,” दीर म्हणाले.

“कल्ला नाय बघितला, नाव नाय ठेवला. माजी मासली काय फुकटची हाय? मना नाय इकाची!” आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागली. शेजारच्या दारात तिची आरोळी ऐकू आली, तसा दिरांचा धीर सुटला. धोतराचा सोगा हातात धरून धावले.

“ए मावशे, थांब! शिळा आहे तो! डोळे बघ त्याचे, पांढरे पडलेत!”

कोळीण वळली. तोंड कसं फुललं म्हणता! “शिला? तुजं डोलं शिलं!”

अशी जुंपली की सगळ्या आळीची दारं उघडली. नेमका तेव्हाच टांगा थांबला आणि हेडक्लार्क उतरले. दाराआड जाऊबाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, “गेली बढती.”

हेडक्लार्क सरळ पाटीपाशी गेले, कल्ला वर केला, वास घेतला. “कालचा आहे. अर्ध्यात दे.” मग कोळणीनं त्यांच्याही सात पिढ्या काढल्या आणि जिताडा आमच्या घरात आला.

जेवताना माशाचं डोकं चोखत ते दिरांना म्हणाले, “मला वाटायचं, तुम्हाला आवाजच नाही. वरच्या जागेवर बसायचं म्हणजे माणसांवर ओरडता यायला हवं. आज खात्री पटली.”

बढती मिळाली. बदलीसकट. पार घाटावर, खाडीपासून कोसच्या कोस लांब. जाऊबाईही बिऱ्हाड घेऊन गेल्या. दिवाळीला आल्या त्या अगदी उतरलेल्या. सासूबाईंनी विचारलं, “मासळीवाचून हाल होतात ना गं?”

“मासळीचं सोडा हो आई. तिथला वाणी भाव सांगतो, मी मुकाट्यानं पैसे देते. भांडायलासुद्धा कोणी नाही.”