चुड्यांखालचं गजकर्ण

“पोराच्या गालाले काय चावलं, पाहा ना मॅडम,” म्हणत कवितानं तान्हं बाळ माझ्या टेबलावर ठेवलं. मी त्वचारोगतज्ज्ञ. घाटंजीला बाजाराच्या दिवशी माझी ओपीडी असते आणि तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. बाळाच्या गालावर रुपयाएवढं गोल कडं होतं. कडेला लाल, किंचित उंच, खवलेदार. मध्ये त्वचा जवळजवळ स्वच्छ. चावलं-बिवलं काही नव्हतं. हे गजकर्ण, म्हणजे त्वचेवर वाढणारी बुरशी. ती आतून विझत बाहेर सरकते, म्हणून असं कडं उमटतं.

एवढ्याशा जिवाला हे बहुतेक वेळा घरातूनच लागतं. कविताच्या अंगावर कुठे चट्टा नव्हता. मागे तिची सासू सोनीबाई उभी होती. तांड्यावरची बाई, आरसे जडवलेला घागरा, दोन्ही दंडांवर पांढऱ्या चुड्यांची चळत. बाळ दिवसभर कोणाजवळ असतं, असं विचारलं तर तिनं अभिमानानं स्वतःकडे बोट दाखवलं. नातू म्हणे तिच्या दंडावर गाल टेकल्याशिवाय झोपतच नाही.

मी तिचे हात पाहिले. चुड्यांच्या बाहेर नुसता तपकिरी चट्टा, त्वचा पातळ, कडं कुठेच नाही. मेडिकलमधून आणलेली ट्यूब ती कितीतरी दिवस चोळत होती. अशा ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉईड असतं. खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं आणि ओळखीची खूणही पुसली जाते.

मी चट्ट्यावरचे खवले खरवडून काचेवर घेतले आणि त्यांवर केओएचचा थेंब टाकला. हे रसायन त्वचेच्या पेशी विरघळवतं, बुरशी तेवढी राहते. मायक्रोस्कोपमध्ये फाटे फुटलेले काचेसारखे धागे दिसले. इतकी वर्षं पाहतेय, तरी दर वेळी क्षणभर हात थांबतो. माणसाच्या अंगावर एवढी नाजूक, एवढी नेटकी वाढ चाललेली असते आणि त्याला नुसतं खाजतं!

बाळाला क्रीम पुरेसं होतं. सोनीबाईला गोळ्या आणि क्रीम, चट्ट्याच्या बाहेरपर्यंत लावायचं, चट्टा गेला तरी सांगेपर्यंत थांबायचं नाही. कपडे वेगळे धुऊन उन्हात वाळवायचे. ती मान डोलवत होती. मग मी म्हटलं, दंडावरचे चुडे काढावे लागतील, आत घाम मुरतो, औषध पोचत नाही. तिचा चेहराच उतरला.

“माहा बुढा जिता हाये, मॅडम. हे चुडे माणूस मेल्यावर काढतेत.”

कविता हळूच म्हणाली, मग बाळ तुमच्याजवळ नाही देणार. ती भांडत नव्हती, तिला रडू येत होतं. सोनीबाईनं नातवाकडे पाहिलं, चुड्यांकडे पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसली.  मी बाहेर बसलेल्या तिच्या नवऱ्याला, हरसिंगकाकांना, आत बोलावलं. ते चिडतील अशीच माझी अपेक्षा होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मायक्रोस्कोपमध्ये बघू का, विचारलं. बराच वेळ डोळा लावून पाहिलं. मग बायकोसमोर बसले.

“म्याच काढतो. म्या काढले त कोन म्हनंल बुढा मेला?”

आणि त्यांनी एकेक चुडा हळूहळू खाली सरकवत काढला, बायकोचा हात आपल्या गुडघ्यावर घेऊन.   चुड्यांखालची त्वचा गोरीपान होती, लग्नानंतर तिला ऊन लागलंच नसावं, आणि तिच्यावर लालभडक कडी, एकात एक. ट्यूब तिथवर कधी पोचलीच नव्हती, म्हणून रोग जसाच्या तसा दिसत होता.

लिव्हरची तपासणी करून मी गोळ्या सुरू केल्या. बाळाचा गाल लवकरच साफ झाला. सोनीबाईला जास्त वेळ लागला, पण तिनं एकही गोळी चुकवली नाही. शेवटच्या तपासणीला दंडावर फिकट डाग तेवढे उरले होते. नातू त्याच दंडावर झोपला होता. पुन्हा खरवडून काचेवर पाहिलं, धागे नव्हते. मी म्हटलं, आता चुडे घाला, फक्त रात्री काढून ठेवत जा.

सोनीबाईनं दाराकडे पाहिलं. काका बाहेर कोणाशी तरी बोलत होते. ती खुर्ची पुढे ओढून कुजबुजली, “अजून थोडे दिवस गोळ्या देता का? चुडे नाहीत म्हून लोकायनं काई बोलू नये, तं बुढा बाजारात संगसंग चालून राह्यला. जलमभर पुढं पुढं चालला तो.”

गजकर्ण बरं झाल्यावर गोळ्या वाढवता येत नाहीत. मी तसं तिला स्पष्ट सांगितलं. चुडे कधी घालायचे, ते मात्र कागदावर लिहिलं नाही.