वीतभर खोल लावलेली पिओनी

लीड्सहून आम्ही निघालो ते भांडायला. म्हणजे भांडायला मी निघालो होतो, वहिनी फक्त गाडी चालवत होत्या. पंच्याहत्तर वर्षांची बाई मोटरवेवर गाडी हाणतेय आणि शेजारी मी, साताऱ्याचा निवृत्त कृषी अधिकारी, नसलेला ब्रेक दाबत बसलोय, असा सगळा थाट. "भाऊजी, पाय जरा सैल सोडा, गाडीला भोक पडेल," असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

भांडण एका झाडावरून होतं. माझा थोरला भाऊ डॉक्टर. चाळीस वर्षं इंग्लंडातल्या हॉस्पिटलात काढून तो निवृत्त झाला, तेव्हा एका पेशंटने त्याला पिओनी नावाच्या फुलझाडाचा गड्डा भेट दिला. दादाने तो मागच्या अंगणात लावला आणि सात वर्षं जपला. पानं यायची, गुडघाभर, हिरवीगार. फूल मात्र एक नाही. दर जूनमध्ये त्याचा फोन यायचा, "अण्णा, यंदाही नाही रे." गेल्या मार्चमध्ये दादा गेला. शेवटचे दोन महिने पलंग खिडकीशी ओढून घेतला होता आणि तिथून तो वाफ्याकडे बघत बसायचा, असं वहिनी म्हणाल्या. व्हिसा मिळून मी पोचलो तोवर जून उजाडला होता आणि वाफ्यात पुन्हा नुसता पाला. माझं डोकंच फिरलं. वांझ गड्डा गळ्यात मारला माझ्या भावाच्या! गड्ड्याबरोबरच्या पाटीवर रोपवाटिकेचं नाव होतं. म्हटलं, चला वहिनी, जाब विचारू.

वहिनींना जाब नको होता. त्यांनी घर विकायला काढलं होतं. ऑक्टोबरात त्या मँचेस्टरला नितीनकडे, म्हणजे मुलाकडे, कायमच्या जाणार होत्या. "ह्यांचं झाड बरोबर नेऊ की इथेच सोडू, तेवढं मला विचारायचंय," त्या म्हणाल्या. "फुलणारच नसेल तर कशाला उगाच उपटायचं?"

दोन तासांनी लिंकनशायर लागलं. हा मुलूख पोळपाटासारखा सपाट. गहू, कोबी, बटाटे, आणि वर ढगांनी भरलेलं भलंमोठं आभाळ. वाटेत मी पिकांना नावं ठेवत होतो. बटाट्याला मातीची भर बरी घातली होती, एवढं फक्त कबूल केलं. एका वळणावर आम्ही चुकलो आणि कोणाच्या तरी डुकरांच्या वाड्यात जाऊन पोचलो. तिथल्या म्हाताऱ्याने हातानेच मागे वळा म्हणून सांगितलं.

रोपवाटिका बघून माझा निम्मा आवेश गळाला. पाच एकरांचं रान, एक जुनं घर, पत्र्याची शेड, आणि नजर जाईल तिथवर पिओनी. कळी कांद्याएवढी आणि उमललेलं फूल दोन ओंजळींत मावणार नाही असं. वास गुलाबाचा, पण थोडा लिंबासारखा. वहिनी गाडीचं दार धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

मालकीणबाई हेलन, साठीच्या, गुडघ्यांना चिखल. आजोबांनी काढलेली ही रोपवाटिका आता त्या आणि त्यांचा भाऊ चालवतात. आजोबांना पावसात मान टाकणाऱ्या फुलांना काठ्या लावायचा भारी कंटाळा, म्हणून ताठ देठाची पिओनी तयार करायच्या मागे ते लागले. एका फुलाचा पराग ब्रशने दुसऱ्या फुलावर लावायचा, बी धरायचं, पेरायचं आणि पहिलं फूल बघायला पाच-पाच वर्षं थांबायचं. त्यातली बहुतेक शेवटी खताच्या ढिगावर जातात. उरलेल्यांना नाव मिळतं. पांढऱ्या फुलाचं नाव 'वेट संडे' (पावसात गेलेला रविवार), काळपट लाल फुलाचं 'व्हिकर्स टेम्पर' (पाद्रीबुवांचा राग). दादाचं होतं 'आँट मेबल', आजोबांच्या बिनलग्नाच्या बहिणीच्या नावाचं.

"ही बघा मेबल," हेलन म्हणाल्या.

फिकी गुलाबी, आत सायीच्या रंगाची. सात वर्षं दादा वाट बघत होता ती ही. वहिनींनी एक फूल तळहातावर तोलून बघितलं. मला गप्प बसवेना. म्हटलं, "कळ्यांवर मुंग्या चढल्यात. औषध मारा."

"त्या गोड चाटायला येतात, डक. काही बिघडवत नाहीत," त्या म्हणाल्या. (डक म्हणजे बदक. तिकडे लाडाने असंच हाक मारतात.)

मग मी तक्रार मांडली. जमीन भुसभुशीत, पाणी वेळेवर, खत भरपूर, आणि सात वर्षांत फूल नाही. तुमचा मालच खोटा, असं सरळ तोंडावर बोललो. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "किती खोल लावलंय?"

"वीतभर," मी हाताची वीत करून दाखवली. "शिवाय दर दिवाळीला वरून टोपलीभर शेणखत. तुमच्या बर्फात थंडी लागायला नको."

कोणी सांगितलं असं करायला, हे त्यांनी विचारलं नाही, आणि तरी मी छाती पुढे काढून सांगून टाकलं, "मीच सांगितलं होतं. फोनवरून."

हेलननी दोन बोटं आडवी धरली. "गड्ड्याच्या डोळ्यांवर एवढीच माती हवी. दोन इंच. खोल गेलं की नुसता पाला येतो. आणि वर पांघरूण अजिबात नको. हिवाळा अंगावर घेतल्याशिवाय ती कळी धरत नाही. तिला थंडी हवीच असते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपल्या मराठीत थंडी लागते म्हणजे बाधते, आणि लागते म्हणजे हवी असते. मी पहिलाच अर्थ धरून बसलो होतो आणि दर दिवाळीला दादाला बजावत होतो, "झाडाला थंडी लागेल, वर आणखी एक टोपली घाल." फूल आलं नाही की म्हणायचो, खत कमी पडलं.

तरी मी हार मानेना. म्हटलं, "हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायला नको का?"

"प्रत्येक गड्ड्याबरोबर आम्ही कागद देतो."

"कागदबिगद काही आलेला नाही," मी ठणकावून सांगितलं. वहिनी मेबलकडेच बघत होत्या.

मग त्यांनी झाड नेण्याचा आपला प्रश्न विचारला. हेलन म्हणाल्या, आत्ता हात लावू नका, ऑक्टोबरात काढा, नव्या जागी दोन इंचांवरच लावा. ती रुसेल, पण तिसऱ्या वर्षी फुलेल. शेडमध्ये त्यांनी चहा आणि जाड केकचा तुकडा दिला. वहिनींनी डब्यातले धपाटे पुढे केले. हेलननी दोन खाल्ले आणि लसणाचं प्रमाण विचारून घेतलं.

परतताना आम्ही मोटरवेला लागलो. मग वहिनी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "कागद आला होता, भाऊजी."

"अं?"

"ह्यांनी वाचला होता. दोन इंच लिहिलंय, असं मला म्हणालेही. संध्याकाळी तुमचा फोन झाला. मग कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. म्हणाले, अण्णाने जन्म मातीत काढलाय, त्याला हा कागद काय शिकवणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा माणसांचा डॉक्टर. आयुष्यभर छापलेलं वाचून, तपासून औषध देणारा. एवढ्या एका बाबतीत त्याने छापलेलं बाजूला ठेवलं आणि धाकट्या भावाचं ऐकलं. मी त्या देशात एकदाही हिवाळा काढलेला नव्हता. पिओनी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ठाऊक नाही म्हणायला माझी जीभ कधी वळलीच नाही.

"वहिनी, मला रागवा तरी," मी म्हटलं.

"रागवून काय करू? डावीकडून कोणी येतंय का बघा."

लीड्सला पोचल्यावर मी वाफ्यापाशी जाऊन बसलो. वरची माती दोन्ही हातांनी ओरबाडून काढावीशी वाटत होती. पण ऑक्टोबरपर्यंत हात लावायचा नव्हता आणि माझं परतीचं तिकीट बुधवारचं होतं. साताऱ्यात सगळ्यांना मी तिकडचे रस्ते, तिकडची शेती आणि डुकरांचा वाडा रंगवून सांगितला. हे कोणाला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

ऑक्टोबरात वहिनींचा मँचेस्टरहून फोन आला. गड्डा नितीनने खणून आणला होता आणि त्यांनी स्वतः मोजपट्टी धरून दोन इंचांवर लावला होता. मला त्यांनी काही विचारलं नाही.

"तिसऱ्या वर्षी येईल म्हणाली ना ती?" त्या म्हणाल्या. "म्हणजे मी अठ्ठ्याहत्तरची."

"बघाल की, वहिनी."

"मी बघेन हो," त्या म्हणाल्या. "ह्यांचं तेवढं राहिलं."