खळ्यावरचं मातेरं

लाथ मारायचीच तर रिकाम्या टोपलीला मारावी, एवढी अक्कल मला तेराव्या वर्षी नव्हती. मी भरलेलीला मारली. परवा मोहाडीच्या बाजारात नव्या धानाचा धुळकट वास नाकात शिरला आणि ती तेरा वर्षांची महाराणी पुन्हा दिसली: नाक वर, परकर फाटका, पोट रिकामं.

त्या वर्षी आमच्या घरानं धम्म घेतला आणि बापानं मालकाची सालभराची चाकरी सोडली. त्या रागानं गावात कोणी आम्हाला कामाला बोलवेना. मळणीनंतर खळं झाडायला तेवढं मालकानं मायला बोलावलं. मजुरी म्हणजे झाडून निघालेलं मातेरं, माती मिसळलेलं धान. घरी धाकटी भावंडं पेजेसाठी रडत होती. मायनं दिवसभर झाडून, पाखडून टोपली भरली.

मालक म्हणाला, "काहून वं, तुमच्या नव्या धरमात आमची झाडन चालते का?"

माय उरलेलं खळं झाडू लागली. मी टोपलीला लाथ घातली. "आमाले नाही पायजे."

मालक चिडला नाही, हसला. "पोरगी मोकळी झाली म्हनते," असं म्हणत त्यानं गड्याकडून सांडलेल्या धानावर बैल सोडवले. माय हातात खराटा धरून बघत राहिली. बैल सावकाश, चवीनं खात होते.

तेव्हा मला वाटलं, मी जिंकले. आज वाटतं, जिंकले ते बैल.

घरी आल्यावर मायनं पेज शिजवायचा रिकामा गंज माझ्यापुढे ठेवला आणि ती म्हणाली, "तुहा मान रांध आता. मीठ हाय घरात."