कच्च्या पत्रांचा डबा

खडूबाईंनी कारखान्याच्या शेठना धमकीचं पत्र लिहिलं आणि शेठनी शाळेला कुलूप ठोकलं, अशी बातमी आमच्या गल्लीत सकाळी आली आणि दुपारच्या चहापर्यंत तिला हातपाय फुटले. पत्र म्हणे लाल शाईत होतं. जिन्याजवळच्या शिंपिणीने तर शाईच्या जागी रक्त घातलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! शाळेला कुलूप लागलं नाही आणि पत्र बाईंनी लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं नऊ वर्षांच्या एका मुलीनं आणि पोचवलं होतं बाईंच्या सख्ख्या सासऱ्यांनी. शाई निळी होती.

शाळा म्हणजे शेठच्या कापड रंगवायच्या कारखान्यामागे, गुदामाच्या माडीवरच्या दोन खोल्या. त्या शेठनी फुकट दिलेल्या, त्यामुळे शिंक शेठना आली की पडसं मुख्याध्यापकांना व्हायचं. खडूबाई तिथं चौथीच्या वर्गाला शिकवतात. कोपरावर खडू, चष्म्याच्या काडीवर खडू, एकदा तर आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा कपाच्या कानालाही लावून गेल्या.

दर शुक्रवारी त्यांचा ‘आजूबाजू’चा तास. आठवड्यात खटकलेली एक गोष्ट मुलांनी निवडायची आणि ती ज्याच्या हातात असेल त्याला पत्र लिहायचं. पाकीट खरं, पत्ता खरा. पण पत्र लगेच जात नाही. तोंड चिकटवून आठ दिवस पत्र्याच्या डब्यात मुरतं. पुढच्या शुक्रवारी ज्याचं त्यानं ते फोडून मोठ्यानं वाचायचं, राग खोडायचा, डोळ्यांनी पाहिलेलं ठेवायचं आणि मगच खाली नाव घालायचं. कच्च्या पत्राला नाव नाही, हा बाईंचा नियम.

त्या शुक्रवारी शाळेच्या कपाटाची कडी मोडली, म्हणून बाईंनी डबा घरी आणला. तिथंच घात झाला. सासरे चौतीस वर्षं पोस्टमन होते. निवृत्त झाले, पण पाय झाले नाहीत. शनिवारी बाई बाजारातून आल्या तर टेबलावर डबा उघडा आणि रिकामा.

“बाबा, यातली पाकिटं कुठे गेली?”

“पोचवली. अठराच्या अठरा. एक परत आलं नाही.”

“अहो, ती पाठवायची नव्हती!”

“मग पत्ता कशाला घातला? बंद पाकीट, वर पत्ता, आणि घरात पडून? आमच्या वेळी निलंबन झालं असतं.”

“शेठचंही दिलंत?”

“त्यांच्या तर हातात दिलं. गुडघा दुखत होता, तरी दिलं.”

बाईंनी रिकामा डबा उलटा करून पाहिला. शेठना लिहिलेलं ते पत्र त्यांनी त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावरून वाचलं होतं. पेनाचं टोपण चावत तिनं लिहिलं होतं: ‘तुमच्या नाल्याचं पाणी सोमवारी लाल असतं आणि मंगळवारी हिरवं. आईचे हात रोजच निळे. तुमचे हात मी पाहिले, स्वच्छ आहेत. तुम्हाला लाज वाटत नाही का?’ शेवटचं वाक्य पुढच्या शुक्रवारी खोडलं गेलं असतं. आणि चौथीत ज्यांच्या आया त्या कारखान्यात आहेत, अशा मुली मोजून तीन.

रविवारभर बाईंचा जीव टांगणीला. दोनदा दूध उतू गेलं, एकदा तर गॅसवर दूध नसतानाच त्या “उतू गेलं!” म्हणून धावल्या. संध्याकाळी नळावर मुलीची आई भेटली. बोटं निळी, चेहरा मात्र उजळलेला.

“बाई, या महिन्यात मला कायम करणार म्हणतायत. चार वर्षं झाली रोजंदारीवर. पोरीला सांगितलं नाही अजून, नाहीतर गावभर करेल.”

“वा, वा,” बाई म्हणाल्या आणि भरलेली बादली तशीच विसरून घरी आल्या.

“मी परत मागून आणू का?” सासऱ्यांनी हळूच विचारलं.

“दिलेलं टपाल परत मागता येतं?”

म्हातारा दुखरा गुडघा चोळू लागला. “नाही गं पोरी,” म्हणाला.

सोमवारी दुसऱ्या तासाला लाकडी जिना करकरला. जिना सोळा पायऱ्यांचा. बाईंनी सोळाही मोजल्या. आधी शेठ आत आले, मागून घाम पुसत मुख्याध्यापक. शेठच्या हातात पत्र.

“हे तुमच्या वर्गातलं. नाव नाही, पण अक्षर आहे. वह्या काढा, जुळवून बघू.”

“काढा की, बाई,” मुख्याध्यापक पुटपुटले.

अठरा वह्या टेबलावरच होत्या, गठ्ठ्यानं. तिसऱ्या बाकावर टोपण चावायचा आवाज थांबला. बाईंचा हात गठ्ठ्यावर गेला, पण वही काढायला नाही. पंजा पसरून त्यांनी तो नुसता दाबून धरला, वारा सुटल्यावर कागद धरावेत तसा. खिडकीखालचा नाला लाल वाहत होता. सोमवारच होता ना!

“बाई, ही खोली माझी आहे,” शेठ म्हणाले. “कोणी लिहिलं एवढंच सांगा.”

पुढे शेठ पत्र टेबलावर ठेवून जिना उतरले आणि मुलीची आई आजही त्याच कारखान्यात कामाला आहे. कायम केल्याचे कागद मात्र अजून तिच्या हातात पडायचे आहेत. बाई रोज तिची बोटं बघतात आणि काही विचारत नाहीत. त्या दिवशी शेठ उतरले ते बाईंच्या उत्तरावर. आवाज कापत होता असं मुलं सांगतात, पण शब्द जसेच्या तसे हे:

“हे कच्चं पत्र आहे शेठ, चुकून आलं तुमच्याकडे. परत द्या. त्यातला राग तेवढा काढते आणि शुक्रवारी पुन्हा पाठवते, अठरा मुलांच्या आणि माझ्या सहीचं.”