अजून-एक मावशीची भूक

तिच्या घरी जेवताना ताटावर आडवा हात धरून उपयोग नसे. बोटांच्या फटीतून ती वरण वाढे. "अजून एक, ताई, छोटीच आहे," म्हणत पोळी टाके, आणि ती पोळी कधीच छोटी नसे. मुलांनो, इथे मॉरिसव्हिलला असताना तुम्हीच तिचं नाव 'अजून-एक मावशी' ठेवलंत. क्युपर्टिनोला गेल्यावरही फोनवर तिची चौकशी करता, म्हणून हे लिहिते. तुमची आई वाचून दाखवील. तिने काही गाळू नये.

मावशी स्वतः ताट घेऊन कधी बसली नाही. "मी काय, उभ्या उभ्या खाते." ओट्यापाशी कढईतलं उरलंसुरलं, पातेल्यातली खरवड. किती खाल्लं ते तिलाही कळत नसे. वजन वाढलं, बीपी आलं. त्याची गोळी ती रोज चहाबरोबर घेई आणि मशीनवर आकडा नीट आला की म्हणे, "बघा, मला आता बीपी नाही."

"अगं, गोळीने दाबलंय. गेलं नाही," मी म्हणे.

"तुम्ही म्हणजे अगदी मास्तरीणबाई!"

मुलाचं लग्न ठरलं आणि फोटोंच्या धास्तीने ती वजन उतरवायच्या एका क्लिनिकमध्ये गेली. एका बाजूला पिझ्झा, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं दुकान, मध्ये हे. तिथल्या बाईने विचारलं, "ब्लड प्रेशर?" मावशी म्हणाली, "नो नो, नॉर्मल." मोजलं तर नॉर्मलच निघालं. घरी कोणती औषधं चालू आहेत, हे कुणी विचारलं नाही. भूक मारायच्या गोळ्या लिहून दिल्या, झालं. हे ती कौतुकाने सांगत होती आणि मला किळस येत होती. वांगी घेतानासुद्धा माणूस याहून जास्त चौकशी करतो.

माझी औषधं आणायला गेले तेव्हा मी फार्मसीतल्या मुलीला त्या भुकेच्या गोळीबद्दल विचारलं. ती म्हणाली, ही गोळी पोटावर नाही, मेंदूवर काम करते. संकट आलंय, असा इशारा शरीराला मिळतो. मागे कुत्रं लागलं असताना कुणाला भूक लागते का? तसंच. पण त्याच इशाऱ्याने छाती धडधडते, रक्तदाब चढतो, झोप उडते, तोंड कोरडं पडतं. काहींना ती उपयोगी पडते, पण थोडेच आठवडे आणि डॉक्टरच्या नजरेखाली. बीपी असेल तर ते आधी सांगायलाच हवं. मी हे सगळं मावशीला सांगितलं.

"ताई, पुरे. लग्न होऊ दे, मग बंद करते."

लग्न झालं. गोळी चालूच राहिली. मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात ती पंगतभर आग्रह करत फिरत होती. ओठ सुकलेले, वाढताना हात थरथरणारा. "मला तर वासही नको वाटतो," मला हळूच म्हणाली. "झोप नाही, म्हणून कपाटं आवरत बसते." आणि भोवती बायकांचा गलका: "मावशी, कसल्या बारीक झालात! सीक्रेट सांगा ना यार!" मुलगाही म्हणाला, "आई, यू लुक अमेझिंग!" आजारी बाईसाठी टाळ्या वाजताना मी पाहिल्या.

पुढच्याच महिन्यात ती स्वयंपाकघरात कोसळली. स्ट्रोक. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, सगळा दोष एका गोळीवर टाकता येणार नाही. पण एवढं बीपी असताना ती द्यायलाच नको होती, आणि दिल्यावर तपासणी तरी व्हायला हवी होती. मुलगा बीपीच्या आणि भुकेच्या गोळ्यांच्या दोन्ही बाटल्या हातात धरून बसला होता. "आय डिडन्ट नो, काकू. शी लुक्ड सो हॅपी."

हॉस्पिटलच्या खोलीबाहेर मंडळातली एक बाई माझ्याशेजारी बसली होती. तिने डोळे पुसले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, पण त्या गोळीचं नाव काय हो? मी थोडेच दिवस घेईन."

"तिलाच विचार," मी म्हटलं. "जा आत."

ती खरंच गेली. दारातून मला दिसत होतं. मावशीचे ओठ तिच्याकडे बघून हलत होते, पुन्हा पुन्हा, आणि शब्द येत नव्हता. बाई बाहेर आली, माझ्याकडे न बघता पर्स उचलून निघाली. लिफ्टपाशी पोचायच्या आत तिचा फोन कानाला लागला होता. "अगं, बोलताच येत नाही गं त्यांना. तुला माहितीये का नाव?"