इंग्रजीच्या वाक्यात एल्बो

मी चौथी पास. पास म्हणजे गुरुजींनी पुढं ढकललं. तरी मी पोरांना इंग्रजी शिकवली आहे. ज्याला हसायचं असेल त्यानं आताच हसून घ्यावं, मधे मधे थांबायला नको.

धंदा माझा ठिबकचा. फैजपूरच्या बाजूला लोकांच्या केळीत पस्तीस वर्षं नळ्या अंथरल्या. नळी उंदरानं कुरतडली, खारीनं टोकरली, नाहीतर कोणाच्या कोयत्याखाली आली, की मला निरोप यायचा. खांद्याला एक कॅनव्हासची पिशवी. तिच्यात जोइनर, टी, एल्बो, कॉक असलं सगळं सामान. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून पिशवी खुंटीला लागली.

बायको माझी शिंदखेड्याकडची, बारावी शिकलेली. बारावीची पोरगी चौथीच्या माणसाला कशी दिली, हे तिनं मला चाळीस वर्षं विचारलं. मी म्हणायचो, तुझ्या बापाला विचार. माहेरची बोली तिनं सोडली नाही. आम्ही 'हाये' म्हणायचो, ती 'शे' म्हणायची. गल्लीत कोणी हसलं तर त्याच्याशी ती सरळ इंग्रजीत बोलायला लागायची, मग तो घरचा रस्ता धरायचा.

संध्याकाळी पाच ते सहा ती आमच्या ओट्यावर गल्लीतल्या पोरांना इंग्रजी शिकवायची. त्या वेळात मी कामावरून आलो आणि पिशवी ओट्यावर टेकवली, की आतून आवाज यायचा, "ती पिशवी आठे नका ठेवा!" आठे म्हणजे इथं. पोरांच्या कपड्यांना चिखल लागतो म्हणे. मी पिशवी मागच्या दारी नेऊन टाकायचो आणि मनात दोन शिव्या द्यायचो.

श्रावणात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, चौथ्या दिवशी मी एकटा परत आलो. याच्यापेक्षा जास्त मी त्यावर लिहिणार नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी बरोबर पाचला तिची पाच पोरं दप्तरं घेऊन ओट्यावर येऊन बसली. त्यांची पुढारी म्हणजे शेजारची पोरगी. सहावीत, दोन वेण्या, आणि जीभ अशी की वेण्यांपेक्षा लांब.

"घरी जा," मी म्हटलं. "शिकवणारी गेली."

"माहीत हाये आबा. पण अक्का म्हनायच्या, बठ्ठं वहीमा शे. वही आना."

बायकोला सगळी पोरं अक्काच म्हणायची. पण ते 'बठ्ठं वहीमा शे', म्हणजे सगळं वहीत आहे, त्या पोरीनं अगदी तिच्याच आवाजात म्हटलं. आधी मला राग आला. मग मी आत जाऊन वही आणली.

वहीत धड्यामागून धडे होते. धडा शिकवून झाला की खाली लाल पेनानं खूण. शेवटच्या एका पानावर मात्र खूण नव्हती. वर लिहिलं होतं, कंजंक्शन. खाली चार इंग्रजी शब्द आणि त्यांच्यासमोर मराठीत, बहुतेक माझ्यासारख्या अडाण्यासाठीच, उच्चार आणि अर्थ. अँड म्हणजे आणि. बट म्हणजे पण. ऑर म्हणजे किंवा. बिकॉज म्हणजे कारण. आणि अगदी तळाला बारीक अक्षरात, 'ह्यांची पिशवी मागून घेणे.'

ती ओळ मी तीनदा वाचली. जी पिशवी जन्मभर ओट्यावर टेकू दिली नाही, ती मागून घेणार होती बाई! वाक्यं कशी जोडायची ते माझ्या सामानानं शिकवणार होती. मला तोंडावर बोलली नाही. बोलली असती तर मी महिनाभर मिशीला पीळ देत फिरलो असतो, हे तिला माहीत होतं.

तेवढ्यात त्या पोरीची आई पदराला हात पुसत आली.

"आबा, राग मानू नका. दसऱ्यानंतर इंग्लिशची चाचणी हाये. फैजपूरच्या क्लासची गाडी आता गल्लीतून जाते. चाचणी बरी गेली तर ठीक. नाहीतर दिवाळीनंतर पाचही जनं त्या गाडीत बसतील. बाकीच्या आयाही तेच म्हनतात."

"बसू द्या," मी म्हटलं.

तोंडानं म्हटलं. खरं सांगायचं तर इंग्रजीचं मला काही पडलं नव्हतं. पण पाच ते सहा ओट्यावर जो गलका असतो, तो गेला की घरात मी आणि पंखा. पंखा तरी किती ऐकून घेईल?

दुसऱ्या दिवशी खुंटीवरची पिशवी काढली आणि ओट्यावर उपडी केली. पोरं अशी तुटून पडली, जसं काही मी पेढे सांडले.

"हात मागं! हा जोइनर. नळीचे दोन तुकडे सरळ जोडतो. पाणी इकडून आलं तसंच तिकडं गेलं. हा तुमचा अँड."

"आणि हा वाकडा?"

"हा एल्बो. पाणी आपलं सरळ चाललेलं असतं, हा त्याला वळवतो. मी येतो म्हटलो होतो, पण आलो नाही. वळलं की नाही? हा बट."

"तुमच्यासारखाच हाये आबा. अक्का हो म्हनायच्या, तुम्ही वळायचे."

"गप. ही टी, हिला दोन्हीकडं कॉक लावा. पाणी एकतर इकडं जाईल नाहीतर तिकडं. ही ऑर."

इथपर्यंत मी जोरात होतो. बिकॉजला अडलो. पिशवी उलटी केली, झटकली, कारण काही निघेना. सगळी पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसली. शेवटी त्या पोरीनंच विचारलं, "आबा, पन पानी येतं कुठून?"

"विहिरीतून."

"विहिरीत काय बसवता?"

मी उठलो, माळ्यावरून जुना फुटव्हॉल्व काढला आणि दाणकन ओट्यावर ठेवला. विहिरीच्या तळाशी पाइपाच्या तोंडाला बसतो तो. वर कितीही नळ्या अंथरा, पाणी वर का आलं याचं उत्तर तिथं खाली असतं. झाला बिकॉज. पोरीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही तिनंच मला नोकरीवर ठेवलं.

मग काम लागलं. मी नळीचे वीत वीत तुकडे कापले. पोरं कागदाच्या पट्टीवर एक एक इंग्रजी वाक्य लिहून तुकड्याला चिकटवायची. आय ईट बनाना. आय डोन्ट ईट पपया. मग मी दोन तुकडे समोर धरून विचारायचो, मधे काय बसेल? पाचही ओरडायची, "एल्बो!" नवी नळी घट्ट असते, जोइनर आत जात नाही, म्हणून बायकोच्या चहाच्या पातेल्यात पाणी तापवून नळीचं तोंड बुडवायचं, मऊ झालं की लगेच दाबायचं. हे आम्ही शेतातही असंच करतो. त्या पातेल्यात नळ्या बुडवलेल्या तिनं पाहिल्या असत्या तर मलाच बुडवलं असतं.

"आबा, बिकाज नाही, बिकॉज म्हना."

"तेच म्हटलं."

"नाही, तुम्ही बिकाज म्हटले."

"पाणी आलं ना पलीकडं? मग झालं."

महिनाभर असा धुमाकूळ चालला. एका पोरानं तर ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच वाक्य जोडलं. त्यात केळी होती, म्हैस होती, त्याचा मामा होता आणि मामाची मोटारसायकल होती. मी म्हटलं, मामाला तिथंच थांबव, माझे जोइनर संपले.

चाचणी झाली. पोरं उड्या मारत आली. सोपी गेली, सगळं आलं. मी शेजारणीकडं बघून मुद्दाम खोकलो.

तीन दिवसांनी त्यांच्या शाळेच्या मॅडम स्कूटीवर आल्या. धुळ्याकडची तरुण पोर, हातात पाच पेपर.

"आबा, तुम्ही यांना काय शिकवलंत?"

"तुमचंच. कंजंक्शन."

"मग हे वाचा बरं."

"मला वाचता आलं असतं तर मी तुमच्या खुर्चीत असतो आणि तुम्ही केळीत."

त्यांनीच वाचलं. "आय वाँट टु प्ले एल्बो इट इज रेनिंग. शी हॅज अ पेन जोइनर अ बुक." मॅडमनी तोंड फार गंभीर ठेवलं होतं. "आय ॲम हॅपी फुटव्हॉल्व टुडे इज संडे." इथं त्यांचा बांध फुटला. ओट्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

चूक माझी. पहिल्या दिवशी अँड, बट सांगितलं तेवढंच. नंतर महिनाभर आमच्या तोंडी एल्बो बसव, टी लाव, फुटव्हॉल्व कुठं गेला, हेच. कारागिराच्या तोंडी सामानाचीच नावं येणार. पोरांनी तीच लिहिली.

"पन मॅडम, एल्बो इंग्लिशच हाये ना?" पोरगी हटायला तयार नाही.

"आहे ना. कोपराला म्हणतात."

सगळ्यांनी आपापले कोपर चाचपून पाहिले. मीही पाहिला. पोरगी माझ्याकडं वळली. "म्हंजे आबा, पस्तीस वर्षं तुम्ही लोकांच्या केळीत कोपर बसवले?"

हसणं ऐकून तिची आई दारात आली. तिनं पेपर घेतला, मार्कांची जागा पाहिली आणि घडी घालून परत दिला. "दिवाळीनंतर गाडी," ती म्हणाली. बाकी काही नाही.



मॅडम म्हणाल्या, "ताई, भोपळा मीच दिलाय. पण एक सांगते. यांची जागा एकही चुकलेली नाही. बट पाहिजे तिथंच एल्बो आहे. वर्गातल्या बाकीच्या पोरांनी शब्द इंग्रजी लिहिलेत, पण डोळे मिटून सगळीकडं अँडच लावलाय."

"मार्क जागेचे असतात का शब्दाचे?"

"शब्दाचे."

"मग?"

बाई बरोबर बोलली होती. मी आयुष्यात कोणाकडं मुदत मागितली नाही, पाणी मिळालं नाही म्हणून शेतकरी डोक्यावर उभा असायचा तेव्हाही नाही. त्या दिवशी मागितली.

"आठ दिवस द्या," मी म्हटलं. "तिच्या वहीचं शेवटचं पान आहे. खूण राहिलीय."

 शेजारणीनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या शनिवारी परत घेते चाचणी. शेजारीण मान हलवून गेली. हो म्हणाली की नाही ते तिलाच ठाऊक.

त्या आठ दिवसांत मी पांढरा रंग आणला. मी सामान धरायचो, पोरगी बारीक ब्रशनं त्यावर इंग्रजी अक्षरं काढायची. एल्बोवर बट, जोइनरवर अँड. नियम असा केला, की ज्याच्या तोंडून सामानाचं नाव निघेल त्यानं अख्खा ओटा झाडायचा. सगळ्यात जास्त वेळा मी झाडला. पोरं मुद्दाम विचारायची, "आबा, ह्या वाकड्याला काय म्हनतात हो?" आणि माझ्या तोंडून निघायचंच. गल्लीतल्या बाया म्हणायला लागल्या, अक्का असतानाही ओटा एवढा स्वच्छ नव्हता. ते मात्र खोटं आहे.

शनिवारी चाचणी झाली. चौघं चांगली सुटली. मामाच्या मोटारसायकलवाल्यानं एका जागी एल्बो बसवलाच. त्याला मी काही बोललो नाही, माझाच चेला.

संध्याकाळी शेजारीण आली. "आबा, गाडी सकाळी गनिताला लावते. इंग्लिश इथंच राहू द्या."

"बघा बुवा. मला काही घाई नाही," मी म्हटलं. मग आत जाऊन एक तांब्याभर पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी वही काढली आणि पोरीला सांगितलं, शेवटच्या पानावर एक वाक्य लिही, सगळे जोड आले पाहिजेत. ती बराच वेळ वाकून लिहीत होती. मग धडाधड वाचून दाखवलं आणि म्हणाली, "याचा अर्थ, आबा फार चांगले हायेत."

"इकडं दाखव." इंग्रजी मला वाचता येत नाही, पण चार जोड मी आता अंधारातही ओळखीन. "इथं बट आहे. वाक्य वळलंय. म्हणजे याच्या आधी तू माझी कुचेष्टा केलीय."

पोरं खिदळली. पोरगी लाजली नाही. तिनं खरा अर्थ सांगितला. आबा ओरडतात आणि आबांना इंग्रजी येत नाही, पण आम्ही इथं येतो, कारण.

कारणाच्या पुढं एकच शब्द होता. तो मला वाचता आला, कारण तो मराठीत होता. अक्का.

"हे इंग्रजीत का नाही लिहिलं?"

"अक्काले इंग्लिशमधे काय म्हनतात, मले नाही माहीत."

मी म्हटलं, मलाही नाही. बायकोच्या पेनांच्या डब्यातून लाल पेन काढलं. सुकलं होतं. तोंडाची वाफ दिली, हातावर गिरबटलं, तेव्हा कुठं चाललं. मी खूण केली. जरा वाकडी आली.

"वही संपली आबा. उद्या काय?"

"उद्या पाचला ये. मॅडमना विचारून नवीन वही करू. तू लिही, मी सामान धरतो."

दुसऱ्या दिवशी मी पाचच्या आधीच तयार होऊन बसलो, पिशवी शेजारी ओट्यावर ठेवून. पोरगी आली, नवीन कोरा फ्रॉक घालून. जागा झाडली, पिशवीकडं बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

"आबा, ती पिशवी आठे नका ठेवा!"

मी उठलो आणि पिशवी मागच्या दारी ठेवून आलो.